आजी गोरी कशी झाली?

स्क्रीनवर झक्कास, प्रिंटमध्ये भलतंच! फोटोचा खरा रंग कागदावर उतरवायच्या नादात एक अख्खा पावसाळा, अर्धी शाई आणि घरच्यांचा बराचसा पेशन्स खर्ची पडला, त्याची ही गोष्ट.

"ही कोण?" बाबांनी विचारलं.

त्यांच्या हातात बारा बाय अठराची फ्रेम होती आणि फ्रेममध्ये त्यांची सख्खी आई. वर्षश्राद्धाला हॉलमध्ये लावायला म्हणून मीच लॅबमधून करून आणलेली. फोटो चुलतभावाने वाईच्या घरी, सकाळच्या सावलीत, अंगणात काढलेला. आजी निवडायचं ताट मांडीवर घेऊन बसलीय आणि कोणाच्या तरी फालतू जोकवर हसतेय. अंगावर मोरपंखी नऊवार, राणी रंगाचे काठ. फोटो एकदम परफेक्ट! फक्त लॅबमधून परत येताना आजी गोरी झाली होती. गालांवर गुलाबी झाक, कपाळावरच्या रेघा अर्ध्या गायब, मागची भिंत दुधासारखी.

आमची आजी सावळी होती. गाण्यातली "सावळी" नव्हे, उन्हात शेतावर हिंडून झालेली चांगली काळीसावळी. तिला त्याचं काहीच वाटायचं नाही, वाटायचं ते इतरांना. लग्नात तिच्या सासूने काय टोमणे मारले होते ते ती आम्हाला साभिनय करून दाखवायची. आणि आता गेल्यावर आम्हीच तिला पावडर लावून भिंतीवर टांगणार? मी लॅबमध्ये फोन केला. काउंटरवरचा मुलगा अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मॅडम, मशीन ऑटो करेक्शन करतं. सगळ्यांना तसंच आवडतं."

"सगळ्यांना" हा शब्द डोक्यात गेला आणि मी ठरवलं, आपणच प्रिंट काढायची. घरात प्रिंटर होताच, सहा शाईंचा, टाकीवाला, एका मैत्रिणीकडून सेकंडहँड घेतलेला. फोटो पेपरचं एक पाकीट आणलं, बटण दाबलं. आलेल्या प्रिंटमध्ये आजी सावळी होती खरी, पण तिचे पांढरेशुभ्र केस शेवाळल्यासारखे हिरवट आणि एकूण फोटो संध्याकाळी सातला काढल्यासारखा काळवंडलेला. मग तुम्ही-आम्ही सगळे करतो तेच मी केलं. स्लायडर ओढले. हिरवा कमी, लाल जास्त, ब्राइटनेस वर. दहा प्रिंट झाल्या. केस सुधारले की चेहरा बिघडायचा, चेहरा सुधारला की साडी निळी व्हायची. डोक्याला पूर्ण शॉट.

मिसळ मध्यम तिखट द्या!

शेवटी एका मित्राला शरण गेले. तो एका जाहिरात एजन्सीत प्री-प्रेसचं काम बघतो, म्हणजे छापायला जाण्याआधी फाइल तपासणं हाच त्याचा धंदा. दहा प्रिंट समोर पसरल्यावर तो इतका हसला, की त्याला चहा देऊ नये असं वाटलं.

"अगं, तू प्रिंटरला रंग सांगतच नाहीयेस," तो म्हणाला. "तू फक्त 'मध्यम तिखट' म्हणतेयस."

फंडा असा. फोटोच्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे असतात : लाल किती, हिरवा किती, निळा किती. 0 ते 255. आपल्याला वाटतं हा झाला रंग. पण ही नुसती ऑर्डर आहे. कोल्हापुरात बसून "मध्यम तिखट मिसळ" मागा आणि पुण्यात बसून मागा. शब्द तेच, पण एका ठिकाणी डोळ्यांतून पाणी, दुसऱ्या ठिकाणी साखर आहे का अशी शंका. तसंच तेच तीन आकडे माझा लॅपटॉप एका रंगात दाखवतो, तुमचा फोन दुसऱ्या, आणि माझा प्रिंटर त्या कंपनीच्या शाईने त्या कागदावर तिसऱ्याच.

त्यामुळे कोणत्याही यंत्राच्या बापाचं न ऐकणारी एक मोजपट्टी लागते. ती आहे. 1976 मध्ये प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, लॅब नावाची पद्धत आणली (फोटोच्या लॅबशी हिचा काडीचा संबंध नाही). तिथेही तीनच आकडे. एल म्हणजे उजेड, 0 काळा आणि 100 पांढरा. ए म्हणजे हिरव्यापासून लालपर्यंत, बी म्हणजे निळ्यापासून पिवळ्यापर्यंत. हे आकडे यंत्राला विचारून ठरत नाहीत, माणसाच्या नजरेवरून ठरलेत. दोन रंगांमधलं अंतरही मोजता येतं, त्याला डेल्टा ई म्हणतात. साधारण 1 च्या आसपास अंतर असेल तर शेजारी-शेजारी ठेवूनही नजरेला जेमतेम कळतं.

आणि प्रोफाइल म्हणजे दुभाषा. "या प्रिंटरला, या शाईने, या कागदावर हा लॅब रंग हवा असेल, तर अमुक आकडे पाठवा" असं सांगणारी छोटीशी फाइल. तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. क्रिकेटची आयसीसी नव्हे! ही इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम. 1993 मध्ये अॅडोबी, अॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे मंडळींनी एकत्र येऊन काढली, कारण तोवर प्रत्येकाची भाषा वेगळी होती आणि छापणारा बिचारा मध्ये मरत होता.

आधी नळ तपासा

पुढच्या रविवारी तो यंत्र घेऊनच आला. स्पेक्ट्रोफोटोमीटर. नाव ऐकून घाबरू नका, हातात मावतं. त्याच्याकडचं "कलरमंकी" नावाचं जुनं मॉडेल आहे. ते आता बाजारात येत नाही आणि त्याचं सॉफ्टवेअर मित्राच्या खडखडणाऱ्या जुन्या विंडोज लॅपटॉपवरच चालतं. हे यंत्र कागदावर प्रकाश टाकतं आणि वेगवेगळ्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत आला ते मोजतं. त्यावरून लॅबचे आकडे. डोळ्याने ठरवायचं काहीच नाही.

मी उत्साहात चार्ट छापायला निघाले, तर तो म्हणाला, "आधी नळ तपास." म्हणजे नोझल चेक. साध्या कागदावर सहा शाईंच्या रेघांची जाळी छापून बघितली, तर फिकट मजेंटाच्या रेघा तीन ठिकाणी तुटलेल्या! सहा शाईंच्या प्रिंटरमध्ये फिकट निळी आणि फिकट मजेंटा या दोन शाया असतात त्या मुख्यतः हलक्या छटांसाठी, म्हणजे आपल्या चेहऱ्यांसाठी, आकाशासाठी. म्हणजे माझ्या दहा प्रिंटपैकी किती या तुंबलेल्या नळाने बिघडवल्या होत्या, देव जाणे. हेड साफ केलं, दोनदा. मग जाळी अखंड आली. तुम्ही या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण रंगावरून प्रिंटरला शिव्या घालण्याआधी ही एक मिनिटाची तपासणी करा. तुंबलेल्या प्रिंटरचं प्रोफाइल केलंत, तर तुंबणंच त्यात पक्कं होतं आणि मग महिनाभर कळत नाही की काय चुकतंय.

दुसरी गोष्ट, प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये जाऊन सगळ्या सुधारणा बंद. "व्हिव्हिड", "फोटो एन्हान्स", "ऑटो", सगळं. माझ्या ड्रायव्हरमध्ये त्याला "नो कलर अ‍ॅडजस्टमेंट" म्हणतात. कारण आपल्याला प्रिंटर नटूनथटून कसा दिसतो ते मोजायचं नाही, सकाळी उठल्यावर कसा दिसतो ते मोजायचंय. कागदाचा प्रकार आणि क्वालिटी एकदा निवडली की ती लिहून ठेवायची आणि पुढे कध्धी बदलायची नाही, कारण त्यावरून किती शाई पडणार ते ठरतं. प्रोफाइल नुसतं प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई, कागद, सेटिंग अशी चौघांची मोट असते ती. एक जरी बदललं की खेळ खल्लास.

कागदावरूनही एक गंमत झाली. माझं स्वस्तातलं ग्लॉसी पाकीट आणि त्याने आणलेला जरा जाड, कमी चकाकीचा कागद, दोन्ही ट्यूबलाइटखाली पांढरेच. त्याने नोटा तपासायचा तो जांभळा दिवा काढला. माझा कागद निळसर पेटला, त्याचा मख्ख बसून राहिला. आपल्याकडे धोतराला नीळ घालायचे ना, तसलाच प्रकार. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात ब्राइटनर घालतात. ते न दिसणारा अतिनील प्रकाश पितात आणि निळा सोडतात. उन्हात हा कागद निळसर दिसतो, घरातल्या एलईडीखाली त्या मानाने पिवळट. आणि काही वर्षांनी ब्राइटनर थकले की कायमचाच पिवळट. भिंतीवर वर्षानुवर्षं राहायच्या फोटोसाठी मग माझं पाकीट बाद झालं. (आता त्यावर पार्किंगच्या सूचना छापते.)

पहिला चार्ट 50 चौकोनांचा. हिरवे, जांभळे, करडे, सगळे. छापून झाल्यावर मी लगेच यंत्र उचललं तर पुन्हा ओरडा. शाई वाळताना रंग सरकतो. सॉफ्टवेअर दहा मिनिटं थांबा म्हणतं, पण जुलैतल्या ठाण्यात दहा मिनिटांत पापडसुद्धा वाळत नाही. रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तो थेट इकडे. एकेका ओळीवरून यंत्र हळूहळू ओढायचं, इस्त्री फिरवल्यासारखं. पहिले 50 मोजल्यावर सॉफ्टवेअर त्यावरून दुसरे 50 तयार करतं. पुन्हा छापा, पुन्हा वाळवा, पुन्हा ओढा. तिसऱ्या रात्री प्रोफाइल तयार.

आमटीत दोनदा मीठ

आणि मग माझ्या लॅपटॉपवरून पहिली प्रिंट काढली. आजी होळी खेळून आली होती! चेहरा लालबुंद.

मी रडकुंडीला आले. तो शांतपणे म्हणाला, "ड्रायव्हर बघ." बघितलं. फोटोशॉपमध्ये मी नवीन प्रोफाइल बरोबर निवडलं होतं, पण ड्रायव्हरने स्वतःचं "ऑटो" परत चालू केलं होतं. म्हणजे आईने आमटीत मीठ घातलं आणि बाबांनी न विचारता पुन्हा घातलं. दोघांचंही माप बरोबर, आमटी मात्र फेकायची. रंगाच्या बाबतीत होणारी ही बहुधा सगळ्यात कॉमन चूक आहे. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की "फोटोशॉप मॅनेजेस कलर्स" असं निवडलं की प्रिंटरने तोंड बंद ठेवायचं.

ड्रायव्हर गप्प बसवला. पुढची प्रिंट आली आणि मी पहिल्यांदा केसांकडे बघितलं. पांढरे! शेवाळ नाही, गुलाबी नाही. साध्या प्रिंटरमध्ये सगळ्यात अवघड असतो तो करडा रंग, कारण एकच काळी शाई असल्यामुळे फिकट करडा हा बराचसा रंगीत शायांच्या मिश्रणातून जमवावा लागतो. तोल जरा ढळला की केस रंगवल्यासारखे.

तरी प्रिंट काळपट होती. हा दोष मात्र प्रोफाइलचा नव्हताच. माझ्या लॅपटॉपचा ब्राइटनेस कायम फुल! कित्येक लॅपटॉप 300 कँडेलाच्या पुढे उजेड फेकतात, आणि फोटो छापणारी माणसं स्क्रीन 100 ते 120 च्या दरम्यान ठेवतात. कागद स्वतः पेटत नाही हो, तो खोलीतला उजेड परत देतो. मित्राने त्याच यंत्राने माझी स्क्रीन मोजून खाली आणली. पहिले दोन दिवस लॅपटॉप आजारी वाटला. मग सवय झाली आणि माझी डोकेदुखीही कमी झाली, हा फुकटचा बोनस.

चौथी सीट

आता खरी गोची आली. साडीचे राणी काठ. असला भडक गुलाबी माझ्या शाया या कागदावर करूच शकत नाहीत. प्रोफाइल काही जादू नाही, ते प्रिंटरला नवे रंग शिकवत नाही. जे जमत नाही त्याचं काय करायचं, एवढंच ते विचारतं. आणि इथे तुम्हाला ठरवावं लागतं. लोकलने जाणाऱ्यांना हे एका मिनिटात कळेल. एक पद्धत म्हणजे "जरा सरकून घ्या". चौथ्या सीटसाठी सगळेच थोडे थोडे दबतात, पण प्रत्येकाचं आपापलं स्थान राहतं. ही परसेप्चुअल. दुसरी म्हणजे बसलेल्यांना हात लावायचा नाही, जे मावत नाहीत त्यांनी दारात एकमेकांवर रेलून उभं राहायचं. ही रिलेटिव्ह कलरिमेट्रिक.

परसेप्चुअलने छापलं तर काठातली जरीची वीण सुरेख दिसत होती, पण सगळ्यांबरोबर आजीचा चेहराही किंचित सरकला. किंचितच. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. रिलेटिव्हने चेहरा जिथल्या तिथे, पण काठ सपाट, रंगाच्या पट्टीसारखा. मी दोन्ही प्रिंट दोन दिवस फ्रीजवर लावून ठेवल्या. आईने काठवाली निवडली, ती साडी तिनेच घेतली होती ना! मी चेहरा निवडला.

मित्राने आणखी एक गोष्ट केली. त्या सॉफ्टवेअरला आजीचा फोटोच दाखवता येतो. ते त्यातले रंग उचलून त्यांचाच एक वेगळा चार्ट बनवतं आणि प्रोफाइल तेवढ्यापुरतं आणखी नेमकं करतं. तो कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा मी गप्पच झाले. ए-फोरवर नुसते चौकोन. गव्हाळ, आमसुली, चिंचेचे, राखाडी, मोरपंखी. आजीचे रंग, आजीशिवाय. तो कागद मी फेकलेला नाही.

त्या रात्री मी त्याला लॅबची फ्रेम उघडायला लावली आणि गालावर यंत्र टेकवलं. एल आला 57. फाइलमध्ये त्याच जागी 41. माझ्या प्रिंटमध्ये 42. सोळा पायऱ्या! मशीनने आजीला सोळा पायऱ्या वर चढवलं होतं, कोणाला न विचारता.

यात नवल काही नाही म्हणा. रंगीत फिल्मच्या काळात लॅबवाले रंग जुळवायला कोडॅकचं एक कार्ड वापरायचे. त्यावर एक गोरी मॉडेल. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याचं नावच पडलं शर्ली कार्ड. तिची त्वचा नीट दिसली म्हणजे मशीन नीट. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड कोडॅकने काढलं ते 1990 च्या दशकात. कॅनडाच्या प्राध्यापिका लॉर्ना रॉथ यांनी 2009 मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. आता कार्डं गेली, सवय राहिली. उलट बाजूने एक छान गोष्ट म्हणजे 1976 मध्येच आलेला कलरचेकर, फोटोवाले हातात धरतात तो 24 चौकोनांचा तक्ता. त्यातल्या पहिल्याच चौकोनाचं नाव आहे "डार्क स्किन". त्याचा एल साधारण 38. लाइट स्किन दुसरा.

तुम्हाला हे सगळं करायचंय का? यंत्र विकत घेऊ नका, माझ्या महिनाभराच्या मानधनापेक्षा महाग आहे. चांगल्या कागदाच्या कंपन्या आपल्या कागदांची ठरावीक प्रिंटरसाठी तयार प्रोफाइल फुकट देतात, सुरुवात तिथून करा. कंपनीची शाई वापरत असाल तर तेवढ्याने बहुतेकांचं भागतं. माझं भागलं नसतं, कारण माझ्या टाकीत मैत्रिणीने कोणती शाई भरली होती ते तिलाही आठवत नाही. आणि लॅबमध्येच द्यायचा असेल, तर काउंटरवर ठणकावून सांगा, "नो करेक्शन". फाइल एसआरजीबीमध्ये द्या, आधी एक छोटी प्रिंट मागा आणि ती दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात बघा.

हे शेवटचं मी स्वतः विसरले होते. फायनल प्रिंट रात्री हॉलच्या एलईडीखाली बाबांना दाखवली आणि साडी पुन्हा निळी दिसली! मला घामच फुटला. शाई आणि कापड एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात नाही, असं होतं. साडीच्या दुकानात आपण "जरा उजेडात दाखवा" म्हणतो ना, त्याच कारणाने. बाबांनी काही न बोलता कपाटातून ती मोरपंखी नऊवार काढली आणि सकाळपर्यंत खुर्चीवर ठेवून दिली.

सकाळी आम्ही बाल्कनीत उभे. बाहेर ढगाळ, स्वच्छ उजेड. बाबांनी साडीची घडी प्रिंटशेजारी धरली. मोरपंखी अगदी लागून बसला होता. काठ अर्थातच नाही. त्यांनी काठाकडे बघितलंच नाही. बराच वेळ गालाजवळ बोट धरून उभे राहिले, मग म्हणाले, "इथे तिला पातेल्याच्या वाफेचा चटका बसला होता. दिसतोय."

लॅबच्या फोटोत तो डाग नव्हता. मला तर तो असल्याचंच माहीत नव्हतं.

फोटो आता हॉलमध्ये आहे, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, एलईडीपासून लांब. सांगलीची आत्या वर्षश्राद्धाला आली, दोन्ही फोटो बघितले आणि जाताना लॅबवाली फ्रेम बरोबर घेऊन गेली. "आई यात किती छान दिसतेय गं," म्हणाली. मी एलबद्दल काहीतरी बोलणार होते, पण आईने डोळे वटारले.

परवा फिकट मजेंटा संपली. नवीन बाटली भरलीय, यावेळी कंपनीची. म्हणजे पुन्हा नोझल चेक, पुन्हा 50 चौकोन, पुन्हा 50. मित्राला फोन केलाय. त्याने चहाबरोबर कांदाभजीची अट घातलीय.